सीपीएल हातात आल्यापासून पहिली नोकरी लागेपर्यंतचे एकोणीस महिने

२७ जून २०२२ ला माझं कमर्शियल पायलट लायसन्स (सीपीएल) आलं आणि २९ जानेवारी २०२४ ला मी एका एअरलाइनमध्ये ट्रेनी फर्स्ट ऑफिसर (शिकाऊ सहवैमानिक) म्हणून जॉइन झाले. मधे एकोणीस महिने गेले. फ्लाइंग स्कूलमध्ये असताना आम्ही सगळे लायसन्सपर्यंतचाच हिशोब करायचो, पैशांचा पण आणि वेळेचा पण, त्यापुढे काय हे कुणी विचारायचं नाही आणि कुणी सांगायचंही नाही. आता ट्रेनिंग पूर्ण होऊन रोजचं फ्लाइंग सुरू झालंय, डोकं शांत आहे, म्हणून सगळं आठवेल तसं क्रमाने लिहून काढतेय. ज्यांच्याकडे आत्ता फ्लाइंगचे दोनशे-सव्वादोनशे तास आहेत आणि जे घरी बसून दिवसातून वीस वेळा मेल उघडून बघतायत, त्यांच्यासाठी मुख्यतः.

थोडं घरचं सांगते कारण पैशांचा विषय त्याशिवाय कळणार नाही. आम्ही इचलकरंजीचे. पप्पांचे सोळा यंत्रमाग होते, भाड्याच्या शेडमध्ये. घरात विमानात बसलेलं कुणी नव्हतं. मी बारावी सायन्स केली २०१६ ला, नंतर पुण्यात डीजीसीएच्या (विमान वाहतुकीचं सरकारी खातं) पेपरांचा क्लास लावला. नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन, टेक्निकल जनरल आणि टेक्निकल स्पेसिफिक, प्रत्येकात ७० टक्के लागतात. नेव्हिगेशन पहिल्यांदा ६६ वर गेलं, दुसऱ्यांदा निघालं. फ्लाइंग सुरू झालं जानेवारी २०१९ ला, मधे लॉकडाऊन, मग पावसाळा, मग विमान मेंटेनन्सला, असं करत दोनशे तास पूर्ण व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला. फ्लाइंग, मल्टी इंजिन (दोन इंजिनांचं विमान), इन्स्ट्रुमेंट रेटिंग (आयआर, बाहेर काही दिसत नसताना फक्त इन्स्ट्रुमेंट बघून उडवायची परवानगी), होस्टेल, क्लास असे सगळे मिळून ४९ लाख गेले. त्यातले २५ लाख एज्युकेशन लोन, बाकी आठ माग विकून, आईचे दागिने आणि मामाकडून उसने.

लायसन्सच्या फाइलची गोष्ट आधी सांगते कारण तिथे माझे चार महिने गेले आणि चूक माझीच होती.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ईजीसीएवर (डीजीसीएची ऑनलाइन साइट) अर्ज भरला. मार्चमध्ये तो परत आला. माझ्या लॉगबुकमध्ये ३१ नंबरच्या पानावरची बेरीज ३२ वर नेताना क्रॉस कंट्रीच्या (एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणच्या उड्डाणांच्या) रकान्यात १ तास २० मिनिटं जास्त लिहिली गेली होती, आणि तिथून पुढच्या प्रत्येक पानावरची बेरीज चुकलेली. प्रत्येक पान दुरुस्त करायचं, प्रत्येक दुरुस्तीवर चीफ इन्स्ट्रक्टरची सही आणि शिक्का, आणि चीफ इन्स्ट्रक्टर तेव्हा रजेवर. मे महिना आला. अर्ज नव्याने भरायचा तर अर्जाच्या तारखेपासून मागच्या सहा महिन्यांत १५ तास फ्लाइंग असावं लागतं, आणि तारीख पुढे सरकल्यावर माझे त्या सहा महिन्यांत अकराच तास उरले. म्हणजे परत फ्लाइंग स्कूलला जाऊन साडेचार तास उडवणं आलं, तासाला साडेतेरा हजार, साठ-एक हजार रुपये एका बेरजेपायी. तेव्हा कृपा करून लॉगबुक दर दहा पानांनी दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या, स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. मी नंतर एक्सेल शीट बनवली आणि अजूनही प्रत्येक फ्लाइटनंतर दोन्हीकडे लिहिते.

लायसन्स आलं त्या दिवशी पप्पांनी शेडवर पेढे वाटले. शेजारचे काका म्हणाले, "आता कधी नेणार आम्हाला मुंबईला?" मी पण हसून म्हणलं, लवकरच. मला खरंच वाटत होतं लवकरच.

जुलै ते सप्टेंबर मी फक्त मेल पाठवत होते. ६१ मेल पाठवले, मोजून ठेवलेत. एअरलाइन्स, चार्टर कंपन्या, सर्व्हेचं काम करणारे, छोटी विमानं चालवणारे, सगळ्यांना. चार उत्तरं आली, चारही नकार. चार्टरवाल्यांपैकी एकाने फोनवर नीट समजावून सांगितलं की त्यांना किमान पाचशे तास हवेत, इन्शुरन्सवाले त्याखाली मान्य करत नाहीत. त्या माणसाचे मी अजून आभार मानते, कारण तोपर्यंत मला वाटायचं माझ्या सीव्हीतच काहीतरी खोट आहे.

मग एका मोठ्या एअरलाइनने टाइप रेटिंग (एका ठरावीक विमानाचं ट्रेनिंग आणि परवानगी) नसलेल्या सीपीएलवाल्यांसाठी जागा काढल्या. १४ ऑक्टोबर २०२२ ला गुरुग्रामला टेस्ट. सकाळी लेखी, पन्नास प्रश्न, एटीपीएलच्या (सीपीएलच्या वरचं लायसन्स) लेव्हलचे. ते निघाले. दुपारी कॉम्प्युटरवर सायकोमेट्रिक. एका हातात जॉयस्टिक, स्क्रीनवर एक गोल सारखा हलतोय आणि त्याच्या मधोमध फुली धरून ठेवायची, त्याच वेळी हेडफोनमध्ये आकडे ऐकू येतायत त्यांची बेरीज करायची, आणि कोपऱ्यात लाल दिवा लागला की डाव्या हाताने बटण दाबायचं. मी बेरजेच्या मागे लागले आणि गोल सुटला, गोल धरायला गेले तर दिवा दिसलाच नाही. दहा मिनिटांत टी-शर्ट पाठीला चिकटला होता. संध्याकाळी सहाला ज्यांची नावं वाचली त्यात माझं नव्हतं. आणि परत अर्ज करायचा तर एक वर्ष थांबायचं.

परतीच्या ट्रेनमध्ये मी आईला फोन केला नाही, मेसेज टाकला. पुण्यात उतरले आणि इचलकरंजीला न जाता मैत्रिणीच्या रूमवर तीन दिवस झोपून राहिले. हे लिहितेय कारण त्या वेळी मला वाटत होतं की असं फक्त माझंच होतंय, आणि नंतर कळलं की आमच्या बॅचमधल्या जवळपास प्रत्येकाचे असे तीन दिवस किंवा तीन आठवडे होऊन गेलेत. (त्या टेस्टची प्रॅक्टिस करता येते, साध्या मोबाइल गेम्सवर पण. एकाच गोष्टीत पैकीच्या पैकी मिळवायच्या मागे न लागता तिन्ही गोष्टी बऱ्यापैकी सांभाळायच्या, हे मला एका सीनियरने नंतर सांगितलं.)

नोव्हेंबरपासून मी ज्या क्लासमध्ये शिकले होते तिथेच नेव्हिगेशन आणि मेटिऑरॉलॉजी शिकवायला लागले. बावीस हजार पगार. लोनचा हप्ता एकेचाळीस हजारांच्या आसपास सुरू झाला होता. माझ्या बावीसमधले बारा मी घरी पाठवायचे, बाकीचं पप्पा आठ मागांवर ओढत होते. घरी गेलं की रात्री दहाला ते शेडवर जायचे, कामगार ठेवणं परवडत नव्हतं म्हणून रात्रपाळी स्वतः करायचे. मला काही बोलायचे नाहीत. एवढंच विचारायचे, "तुझं ते मेडिकल कधी संपतंय?" त्यांना तारखा माझ्याआधी पाठ होत्या.

त्या तारखांबद्दलच मला जास्त सांगायचंय. लायसन्स मिळालं म्हणजे संपलं असं नसतं, ते जिवंत ठेवावं लागतं. क्लास वन मेडिकल दरवर्षी. इन्स्ट्रुमेंट रेटिंग पण दरवर्षी, आणि त्यासाठी मल्टी इंजिन विमान लागतं. माझं आयआर डिसेंबर २०२२ ला संपणार होतं. सेनेकावर (दोन इंजिनांचं छोटं विमान) तासाला ३८ हजार, प्रॅक्टिस आणि परीक्षेचं उड्डाण धरून चार तास, वर परीक्षकांची फी, जाणं-येणं, राहणं, असे पावणेदोन लाख. कुठून आणायचे? बॅचमधल्या दोघांनी आयआर तसंच सोडून दिलं, म्हणाले व्हेकन्सी आली की बघू. पण व्हेकन्सी आली की शेवटची तारीख आठ-दहा दिवसांवर असते आणि अर्जात पहिलाच रकाना असतो आयआर करंट (मुदतीत) आहे का, आणि तेव्हा सगळ्यांनाच आयआर करायचं असतं त्यामुळे विमानाचा स्लॉट मिळत नाही. एकाची व्हेकन्सी अशीच गेली. मी आत्याकडून एक लाख घेतले, बाकीचे शिकवणीतून, आणि ९ डिसेंबरला आयआर रिन्यू केलं. तो निर्णय बरोबर होता असं आज म्हणता येतं, पण त्या दिवशी चेकवर सही करताना माझा हात जड झाला होता.

म्हणून ट्रेनिंगचा खर्च काढताना लायसन्सनंतरच्या दोन वर्षांचे पाच-सहा लाख बाजूला धरा. मेडिकल, आयआर, टेस्टला दिल्ली-गुरुग्रामच्या फेऱ्या. हे पैसे नसतील तर लायसन्स कपाटात पडून राहतं. मेडिकल संपायच्या दोन महिने आधी स्वतःची रक्ततपासणी आणि ईसीजी करून घ्या, काही निघालं तर हातात वेळ असतो. माझं हिमोग्लोबिन एकदा १०.८ निघालं होतं, दोन महिने खजूर-गूळ आणि गोळ्या खाऊन वर आणलं आणि मग सेंटरला गेले.

२०२३ हे वर्ष विचित्र गेलं. फेब्रुवारीत एअर इंडियाने ४७० विमानांची ऑर्डर दिली, जूनमध्ये इंडिगोने ५०० ची. गावाकडे पेपरमध्ये मोठमोठे मथळे, पायलट हवेत, पायलट कमी पडतायत. काका लोक कात्रणं आणून पप्पांना द्यायचे, आणि मग "एवढी मागणी आहे तर हिची कशी अजून लागत नाही" हा प्रश्न यायचाच. त्यांचं चूक नाही. पण ऑर्डर दिलेली विमानं येतात पुढच्या आठ-दहा वर्षांत, आणि कमी असतात ते कॅप्टन आणि ज्यांना त्या विमानाचा अनुभव आहे असे पायलट. दोनशे तासवाले आम्ही भरपूर होतो. डीजीसीएने २०२२ मध्ये १,१६५ सीपीएल दिले आणि २०२३ मध्ये १,६२२. त्यात मेमध्ये गो फर्स्टची उड्डाणं थांबली, म्हणजे एअरबस ए३२० चा अनुभव असलेले पायलट बाजारात आले, मग आमच्यासारख्यांना कोण विचारणार. हे सगळं मी एकदा पप्पांना कागदावर मांडून दाखवलं. ते म्हणाले, "म्हंजे सूत लय आलंय, आणि माग कमी." बरोबर तसंच.

याच काळात बऱ्याच जणांनी स्वतःच्या पैशाने ए३२० चं टाइप रेटिंग करून टाकलं, नोकरी हातात नसताना. पंधरा-अठरा लाख. काहींना त्याचा फायदा झाला, नाही असं नाही. पण आमच्या दोन वर्षं सीनियर असलेल्या एका दादाने २०१९ च्या सुरुवातीला असंच केलं होतं, एप्रिलमध्ये जेट एअरवेज बंद पडली, पुढच्या वर्षी कोविड, आणि रेटिंग करंट ठेवायला दरवर्षी सिम्युलेटरचा खर्च वेगळा. माझं स्पष्ट मत आहे की घरावर आधीच लोन असेल तर कंपनीचं पत्र हातात आल्याशिवाय टाइप रेटिंगचे पैसे भरू नका. ज्यांच्याकडे पैसे मोकळे आहेत त्यांची गोष्ट वेगळी.

आणि एजंट. मार्चमध्ये व्हॉट्सॲपवर मेसेज आला, अमुक एअरलाइनमध्ये "आतून" काम होतं, बारा लाख, त्यातले दोन आत्ता. माझ्या बॅचमेटने ते दोन लाख भरले. पुढच्या महिन्यात तो नंबर बंद. त्याने घरी आजही सांगितलेलं नाही. कुठलीही एअरलाइन सिलेक्शनसाठी व्हॉट्सॲपवर पैसे मागत नाही. जे पैसे भरायचे असतात ते टाइप रेटिंगचे, सिलेक्शन झाल्यावर, करार करून, कंपनीच्या किंवा ट्रेनिंग सेंटरच्या खात्यावर.

इन्स्ट्रक्टर होण्याचा रस्ता मी पण विचारात घेतला होता. आधी असिस्टंट इन्स्ट्रक्टरचं रेटिंग करायचं, उजव्या सीटवर बसून विमान उडवायचं आणि उडवताना तोंडाने सगळं समजावत राहायचं. माझी रूममेट त्या वाटेने गेली. पगार सुरुवातीला कमीच, उन्हात दिवसभर सर्किट (टेकऑफ, रनवेभोवती फेरी, लँडिंग), पण तिचे तास वाढत गेले आणि आज तिच्याकडे बाराशेच्या वर तास आहेत. पुढच्या वर्षभरात काही झालं नसतं तर मी तेच केलं असतं.

हात विसरू नयेत म्हणून मी दोन गोष्टी केल्या. साडेचार हजारांचा एक जॉयस्टिक घेतला आणि लॅपटॉपवर रोज रात्री अर्धा तास फक्त इन्स्ट्रुमेंट बघून आयएलएस (रेडिओ सिग्नलच्या आधाराने रनवेवर उतरणं) करायचे, बाहेर काही दिसणार नाही असं हवामान लावून. आणि सकाळी चहा घेताना कोल्हापूर, पुणे, मुंबई, गोव्याचा मेटार (एअरपोर्टचा हवामान रिपोर्ट) वाचायचे, मोठ्याने, विद्यार्थ्यांना समजावल्यासारखा. त्यात व्हीएकेपी हा कोड म्हणजे कोल्हापूर. माझी पुण्यातली रूममेट बिचारी सहा वाजता उठून वारा किती नॉट्स आहे ते ऐकायची.

सप्टेंबर २०२३ मध्ये मेडिकल रिन्यू केलं आणि त्याच आठवड्यात एटीआर ७२ (पंख्यांचं, म्हणजे प्रोपेलरचं, प्रवासी विमान) उडवणाऱ्या एका एअरलाइनची व्हेकन्सी दिसली. अर्जाला सात दिवस. माझ्याकडे मेडिकल करंट, आयआर करंट, इंग्लिशची लेव्हल ५, आरटीआर, दहावी-बारावीची सर्टिफिकेट, सगळं एका पीडीएफमध्ये तयार होतं, एका रात्रीत भरून टाकलं. (आरटीआर म्हणजे रेडिओचं लायसन्स. आमच्या वेळी ती परीक्षा दूरसंचार खात्याकडे होती, आता नव्या कायद्यानंतर डीजीसीएकडे आलीये, तेव्हा जुन्या पुस्तकांवर विसंबून राहू नका.)

५ ऑक्टोबरला लेखी आणि सायकोमेट्रिक, यावेळी गोल सुटला नाही. १८ ऑक्टोबरला इंटरव्ह्यू. टेबलापलीकडे दोन कॅप्टन आणि एचआरच्या मॅडम. पहिला प्रश्न, "तू मल्टी इंजिन कशावर केलंस?" सेनेका, सर. "त्यात क्रिटिकल इंजिन कुठलं?" तोंडावर आलं होतं की डावं. बहुतेक विमानांत दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरतात, त्यामुळे डावं इंजिन बंद पडलं तर विमान जास्त जोरात वळतं, म्हणून ते क्रिटिकल, पुस्तकात तेच उदाहरण असतं. पण सेनेकाचे पंखे एकमेकांच्या उलट फिरतात. मी दोन सेकंद थांबले आणि म्हणलं, सेनेकात क्रिटिकल इंजिन नाही सर. कॅप्टन म्हणाले, "आणि एटीआरमध्ये?" डावं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग तासभर चाललं, पंखा फेदर का करायचा (म्हणजे त्याची पाती वाऱ्याच्या रेषेत का वळवायची), बर्फ जमायला लागलं की काय काय बदलतं, पावसाळ्यात पश्चिम घाटाच्या अलीकडे आणि पलीकडे हवामान कसं वेगळं असतं. तो शेवटचा प्रश्न मी वर्षभर शिकवत होते.

आणि मग मॅडमनी विचारलं, लायसन्स मिळून सव्वा वर्ष झालं, काय करत होतीस? मी जे होतं ते सांगितलं. एका एअरलाइनमध्ये सायकोमेट्रिकला नापास झाले, शिकवतेय, आयआर उसने पैसे घेऊन रिन्यू केलं. मॅडम म्हणाल्या, शिकवताना विद्यार्थी सगळ्यात जास्त कुठे अडकतात? त्यावर आम्ही दहा मिनिटं बोललो. इंटरव्ह्यूला जाताना या प्रश्नाचं खरं उत्तर तयार असू द्या, म्हणजे त्या काळात खरंच काहीतरी करत असा, काहीही, पण विमानाशी धागा असलेलं.

मेल आला २१ नोव्हेंबरला, दुपारी २ वाजून १० मिनिटांनी, मी वर्गात फळ्यावर आयटीसीझेडची (विषुववृत्ताजवळचा ढगांचा पट्टा) आकृती काढत होते. फोन टेबलावर थरथरला. मी तास पूर्ण केला, खरंच, कारण आधी उघडायची हिंमत झाली नाही.

सिलेक्शन झालं म्हणजे लगेच पगार सुरू झाला असं नाही, हे घरी आधीच सांगून ठेवा. टाइप रेटिंगचे साडेतेरा लाख माझ्याकडून होते आणि तीन वर्षांचा बाँड (तोवर नोकरी न सोडण्याचा करार). पप्पा उरलेले माग काढायला निघाले होते, मी नाही म्हणलं. शेवटी मामा जामीन राहिले आणि गावातल्या पतसंस्थेतून १३ टक्क्यांनी घेतले. बाँड मी ओळखीच्या वकिलांकडून वाचून घेतला, दोन हजार रुपये दिले, आणि मेडिकली अनफिट झालं तर काय, ट्रेनिंग अर्धवट राहिलं तर काय, हे दोन मुद्दे सही करायच्या आधी मेलवर लेखी विचारून घेतले. आयआर डिसेंबरमध्ये परत रिन्यू केलं, यावेळी पैसे कसे आणले ते आता आठवत पण नाही.

जानेवारीच्या शेवटी जॉइनिंग, मग ग्राउंड क्लास, डेंजरस गुड्स (धोकादायक सामान), सीआरएम (क्रूने एकमेकांसोबत काम कसं करायचं), सेफ्टी ट्रेनिंग, त्यात स्विमिंग पूलमध्ये लाइफ जॅकेट घालून राफ्टवर चढायचं असतं, पोहता येत नसेल तर आधीच थोडं शिकून घ्या. मार्चमध्ये हैदराबादला सिम्युलेटर. चार तासांचं सेशन, दोन तास मी उडवायचं दोन तास पार्टनरने, आणि स्लॉट बऱ्याचदा रात्री दोनचा. कॉकपिटचं पोस्टर होस्टेलच्या भिंतीला लावून आम्ही हात फिरवत फिरवत फ्लो (कुठल्या बटणानंतर कुठलं, तो क्रम) पाठ करायचो.

चौथ्या सेशनला मी अडकले. टेकऑफच्या धावेत व्ही-वन (ज्या वेगानंतर टेकऑफ सोडायचा नसतो) झाल्यावर डावं इंजिन बंद. विमान डावीकडे ओढतं, उजवा रडर द्यायचा, म्हणजे उजव्या पायाने पेडल दाबायचं. मी देत होते पण उशिरा, आणि मग घाबरून जास्त, तीनदा विमान रनवेच्या कडेला गेलं. माझ्या शीटवर "रिपीट" आलं. इन्स्ट्रक्टर सरांनी दुसऱ्या दिवशी सिम्युलेटर सुरू करायच्या आधी एवढंच सांगितलं, "आत बघू नकोस. रनवेचं टोक बघ आणि ते जिथे आहे तिथे पायाने धरून ठेव." चौथ्या प्रयत्नात पायाला कळलं. डोक्याला कळलेलं होतंच, पण पायाला कळणं वेगळं असतं, मला अजून तो क्षण बुटाच्या तळव्यात आठवतो.

मेमध्ये स्किल टेस्ट, मग खऱ्या विमानावर सहा टेकऑफ-लँडिंग, मग लायसन्सवर त्या विमानाची नोंद, म्हणजे एन्डॉर्समेंट. आणि मग परत थांबणं, एअरपोर्ट एंट्री पाससाठी. मागच्या काही वर्षांत जिथे जिथे राहिलात ते सगळे पत्ते द्यावे लागतात आणि पोलीस व्हेरिफिकेशन होतं. माझ्या पुण्यातल्या रूमचा भाडेकरार सापडत नव्हता, त्यात नऊ आठवडे गेले. भाडेकरार जपून ठेवा, फोटो काढून ठेवा, एवढं तरी करा.

पहिल्या काही फ्लाइट्स मागच्या जंप सीटवर बसून नुसत्या बघायच्या. मग ऑगस्टपासून ट्रेनिंग कॅप्टनसोबत उजव्या सीटवर. १२ नोव्हेंबर २०२४ ला रिलीज चेक, म्हणजे ट्रेनिंग संपल्याची शेवटची परीक्षा, झाला. त्या महिन्यापासून पूर्ण पगार.

डिसेंबरमध्ये रोस्टरवर कोल्हापूर आलं. मी घरी सांगितलं पण हे पण सांगितलं की थांबायला अर्धा तासच असतो, मला बाहेर येता येणार नाही. तरी आई, पप्पा, मामा-मामी आणि शेजारचे काका उजळाईवाडीला येऊन कंपाउंडबाहेर उभे होते. पंचगंगेकाठचा ऊस खाली दिसत होता, त्या दिवशी लँडिंग कॅप्टनचं होतं, रेडिओ माझ्याकडे. कोल्हापूर टॉवरशी बोलताना आवाज नीट राहिला.

पार्किंगला आलो. डावं इंजिन बंद केलं, उजव्याच्या पंख्याला ब्रेक लावून इंजिन चालू ठेवलं. एटीआरमध्ये तशी सोय असते, पंखा थांबलेला असतो पण आतलं इंजिन फिरत राहून वीज आणि एसी देतं. खिडकीतून मला तारेच्या जाळीमागे आईची हिरवी साडी दिसली. बाकीचे ओळखू येत नव्हते.

कागद पूर्ण झाल्यावर दोन मिनिटं मिळाली, पप्पांना फोन लावला. मला वाटलं रडतील, आई मागे रडतच होती. पप्पा म्हणाले, "काय गं, पंखा तर थांबलाय, मग आवाज कसला येतोय? इंजिन चालू हाय न्हवं?"

मी म्हणलं, हो, पंख्याला ब्रेक लावलाय, इंजिन चालू आहे.

"म्हंजे मोटर चालू, माग बंद."

हो पप्पा.

"बरं. जा मग, उशीर करू नकोस."